वेलासाठी सोडलेल्या सळया

जिथं माझा धोप्याचा वाफा होता तिथं आज माझ्या भावाचा पलंग आहे. धोपा म्हणजे पुण्यामुंबईकडचे लोक ज्याला अळू म्हणतात ते. बालाघाटला माहेरी गेले की वहिनी मला त्याच खोलीत बसवते, कारण कूलर तिथं आहे, आणि मी पलंगाच्या पायथ्याच्या कोपऱ्याकडे बघत चहा पिते. वहिनीला वाटतं, मी फरशी न्याहाळते. "नवीन टाइल्स बसवल्या, बाई," ती कौतुकानं सांगते. बसवू दे. त्या टाइल्सच्या खाली स्लॅब आहे आणि त्या स्लॅबला पाणी मी पाजलं आहे. हे सगळं पुन्हा उकरून काढायचं काही कारण नव्हतं. पण मागच्या महिन्यात भावाच्या नातीनं, आर्यानं, त्याच घराच्या सगळ्यात वरच्या छतावरून मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. रंगीत बादल्या, त्यांत पुदिना, मिरची, आणि कोपऱ्यात वर चढलेला एक वेल. खाली लिहिलं होतं, "आजी, माझं टेरेस गार्डन! पाहायले येना." मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग फोन पालथा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली, पण त्या वेलानं डोक्यात घर केलं ते केलंच.

आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं आणि कवेलूंचं, म्हणजे कौलांचं. माकडांची टोळी एकदा वरून गेली की निम्मी कवेलू सरकायची, आणि दर वर्षी पावसाच्या आधी ती फेरायला माणूस बोलवावा लागायचा. माणूस वर, आम्ही खाली, आणि मधे त्याच्या शिव्या, असा तो सोहळा असे. सकाळी राइस मिलचा भोंगा, दुपारी शेजारच्या घरातलं उखळ, संध्याकाळी जबलपूरकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीची शिटी. ती लाइन आता मोठी झाली आणि शिटीचा आवाजही बदलला. शाळा हिंदीत, घर मराठीत, भांडण दोन्हींत, असं आमचं चालायचं. आई बोलायची कमी. तिचे सांधे दुखायचे, म्हणून ती कामं बसून करायची आणि बसल्या बसल्या सगळ्या घरावर लक्ष ठेवायची. बाबा वनखात्यात बाबू होते. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वॉर्डात मंडप पडायचा आणि बाबा दर वर्षी स्टेजवरून बोलायचे, मुलीला शिकवा म्हणजे दोन घरं शिकतात. लोक टाळ्या वाजवायचे. सगळ्यांत जास्त वेळ मी वाजवायची. तळहात लाल व्हायचे, पण माझा बाप बोलतोय म्हणून थांबत नसे.

बाबांनी मातीच्या भिंती पाडून विटांच्या उभ्या केल्या आणि वर स्लॅब टाकायचं ठरवलं. आमच्या वॉर्डातला तो पहिला स्लॅब. त्या दिवशी सगळा वॉर्ड दारात होता. मशीन घरघरत होतं, घमेली हातोहात वर जात होती, पोरं रेतीत लोळत होती. स्लॅब पडला की मजुरांना जेवण द्यायची रीत, म्हणून अंगणात मटण रटरटत होतं आणि भाताच्या गंजावरून, म्हणजे मोठ्या पातेल्यावरून, वाफ निघत होती. नागपूरहून मावशी मुद्दाम आली होती. ती तिकडे नर्स होती, एकटी राहायची, आणि बोलायला कुणाला भ्यायची नाही. मी त्या साली हायर सेकंडरी पास झाले होते. मला झाडांचं लहानपणापासून वेड. उकिरड्यावर उगवलेलं भेदरंसुद्धा, म्हणजे टमाट्याचं रोप, मी उचलून आणून लावायची. मावशीनं पंगतीतच विषय काढला. म्हणाली, "भाऊजी, पोरीले माह्याकडं द्या. शेतकी कॉलेजात नाव टाकतो तिचं. माह्याच घरी राहीन."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहून हसले आणि वर बोट केलं. "नागपूरले कायले जाते, बाई? शेतीच करायची हाय ना तुले? हे छत तुहं. सारंच्या सारं. कर वर तुही वाडी. एक साल थांब, तुह्या मायचे सांधे थोडे सुधरू दे. पुढच्या साली म्या सोता तुले मावशीकडं पोचवून देतो."

"पुढचं साल कोण पाह्यलं, भाऊजी?" मावशी म्हणाली.

"म्या शब्द देल्ला ना," बाबा म्हणाले. भर पंगतीत म्हणाले. मिस्त्री ऐकत होता, मजूर ऐकत होते, आई वाढता वाढता थांबली होती. मला कुणी विचारलं असतं तरी मी हौच म्हटलं असतं. मुलीच्या नावावर सुपाएवढी जागा नसायची त्या काळी, आणि मला अख्खं छत मिळालं होतं, वर कॉलेजही फक्त एका वर्षावर. संध्याकाळी बाबा मावशीला बस स्टँडवर सोडायला गेले. जाताना तिनं माझी पाठ थोपटली. परत आल्यावर बाबा म्हणाले, "बसले जागा भेटली तिले, खिडकीची." तेवढंच म्हणाले.

नव्या स्लॅबला पाणी पाजावं लागतं, नाही तर तो तडकतो. आमच्याकडे त्याला तराई म्हणतात. सुखराम मिस्त्रीनं स्लॅबवर मातीचे लहान लहान पार, म्हणजे बांध, घालून चौकोन पाडले, धानाच्या बांध्या असतात हुबेहूब तसे, आणि त्यांत पाणी भरून ठेवायला सांगितलं. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. बांधी दिसली की आम्हाला त्यात पीक दिसायला लागतं. वैशाखाच्या उन्हात मी विहिरीचं पाणी शेंदायची, शिडीनं वर न्यायची, बांध्या भरायची, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरायची. ते सुकलं की पुन्हा तेच. खांद्याची सालपटं निघाली. आई म्हणायची, "दमून जाशीन, बस जराशी." पण मी बसत नसे. स्वतःच्या जागेला पाणी द्यायला कंटाळा कसला? आता विचार करते तेव्हा कळतं, घरात पाणी वाहायला दुसरं कुणी नव्हतंच. मजूर लावला असता तर त्यानं माझ्यासारखं दुपारच्या उन्हात पाणी दिलं नसतं.

दादा, माझा थोरला भाऊ, मलाजखंडला एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. तो सुटीत आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून वाडीचा बेत केला. विटेचा तुकडा घेऊन तो ओणवा झाला आणि छतावर लाल रेघा ओढू लागला. इथं वांगी, इथं भेदरं, इथं सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोपऱ्यात पाणी जायच्या नळीजवळ धोपा. मला केवढा अभिमान वाटला त्याचा! फक्त मधून दोन पट्टे त्यानं रिकामे ठेवायला लावले, एक उभा आणि एक आडवा.

"हे काहून सोडून राह्यला?" मी विचारलं.

"चालाले वाट नको का? पाणी कशी देशीन?" तो म्हणाला, आणि त्या पट्ट्यांची रुंदी त्यानं वीत लावून नीट मोजली. माझा भाऊ किती विचार करतो, असं मला वाटलं. एवढा विचार त्यानं करायला नको होता.

दुसरी गोष्ट त्या सळयांची. स्लॅबच्या कोपऱ्यांत आणि मधे, जिथं खाली खांब होते तिथं, कमरेएवढ्या लोखंडी सळया वर निघालेल्या होत्या. सुखराम मिस्त्री त्यांना गंज चढू नये म्हणून सिमेंटचं पाणी लावत बसला होता. मी त्याला विचारलं, "चाचा, ये काहे के लिए छोड़े हैं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, कुंचला डब्यात बुडवला आणि म्हणाला, "बाबूजी से पूछ लो, बेटी." मी खाली येऊन बाबांना विचारलं. बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "तुह्या सेमीच्या वेलासाठी सोडाले लावल्या, बाई. दर साली मांडव कोण बांधत बसन?"

आजकालच्या पोरांना हसू येईल. आज कुठल्याही गल्लीत पाहा, प्रत्येक छतावर सळया उभ्या असतात, आणि शेंबड्या पोरालाही कळतं की ह्या घराला वर अजून माळा चढायचा आहे. पण आमच्या वॉर्डात तोवर कवेलूंशिवाय काही नव्हतं. मी छत प्रथमच पाहत होते, आणि माझ्या बापानं ते मला दिलं होतं. मी ती गोष्ट वॉर्डभर सांगत सुटले. बाबांनी माझ्या वेलासाठी लोखंडाचे खुंट करून दिले! शेजारच्या काकी म्हणाल्या, "हौ का? लय चांगला बाप हाय तुहा," आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्यांचं मन भरून आलं.

माती मी बोडीतून आणली. उन्हाळ्यात बोडी आटली की तळाशी काळा गाळ भेगाळून पडतो. तो फोडून टोपल्यांत भरायचा, डोक्यावर घरी आणायचा, शिडीनं वर चढवायचा. त्यात शेणखत, चुलीची राख आणि दादानं वारासिवनीच्या मिलमधून पोत्यात भरून आणलेला धानाचा कोंडा. तेव्हा रंगीत बादल्या नव्हत्या. तेलाचे रिकामे पिपे, फुटके माठ, आणि बांबूची मोठी टोपली आतून शेणानं सारवलेली. धोप्यासाठी मात्र विटा रचून खरा वाफा. बिया आईनं दिल्या. वाळक्या दुधीच्या भोपळ्यात ती राखेत बिया ठेवायची. सेमीच्या, म्हणजे वालपापडीच्या, बिया तिनं माझ्या ओंजळीत ओतल्या आणि ओंजळ मिटवून वर आपला हात तसाच धरून ठेवला, जरा जास्तच वेळ. मला तेव्हा ती माया वाटली. मायाच असेल. पण तिला तेव्हाही सगळं माहीत होतं.

आणि काय वाडी झाली म्हणून सांगू! पाऊस सरता सरता सेमीनं सळया दिसेनाशा करून टाकल्या. जांभळी फुलं, मग जांभळट कडांच्या चपट्या शेंगा. वांग्यांनी झाड वाकून जाई. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा हातभर. भेदऱ्याची चटणी रोज, सेमीची भाजी दिवसाआड, आणि रविवारी विहारातल्या वंदनेनंतर धोप्याच्या वड्या. आई पानांच्या शिरा विळीवर छाटायची, बेसनात चिंच कालवायची, पान पानावर चोपडून गुंडाळी वाफवायची, आणि तेलात पडल्यावर जो वास सुटायचा तो खालच्या गल्लीच्या टोकापर्यंत. बाबा वड्या खाताना म्हणायचे, "शेतकी कॉलेजवाले येतील पोरीकडून शिकाले." मी संध्याकाळी वर बसून छोट्या गाडीची शिटी ऐकायची आणि नागपूरला गेल्यावर इथं पाणी कोण देईल याची काळजी करायची. खरंच करायची. दादाचं लग्न ठरलं होतं, येणाऱ्या वहिनीला सगळं शिकवून जायचं, असं मी मनाशी ठरवलंसुद्धा होतं.

हिवाळा सरत आला तेव्हा वारासिवनीला आत्याकडे आतेबहिणीच्या बाळाचं बारसं निघालं. आई म्हणाली, "माह्यानं जाणं होत नाही. तू जाय, चार दिवस राहून येजो." जायच्या सकाळी ती, ते दुखरे सांधे घेऊन, एकेक पायरी मोजत वर आली. तोवर जिना झाला होता, पण ती कधी वर येत नसे. खाली बसून तिनं धोप्याची पानं कापायला सुरुवात केली. लहान, मोठी, कोवळी, एकही ठेवलं नाही. "अव्वो माय, सारीच कापून राह्यली! मागं काहीतरी ठेव ना," मी म्हणाले. "पाहुण्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, बाई," ती म्हणाली, मान वर न करता. मग सेमीच्या शेंगा, अगदी पोचट होत्या त्याही. वांगी. हिरवी भेदरी. थैली एवढी जड झाली की ती मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसले आणि वाटेत बाजूच्या बाईला ऐटीत सांगितलं, "हमारे छत का है." बारशाला आत्याच्या घरी वड्या झाल्या, सगळ्यांनी बोटं चाटली. माझी वाडी संपवायच्या पंगतीत मीच आग्रह करून वाढत होते.

परत आले तर गल्लीत विटांची रास आणि माझे पिपे भिंतीला लावून ठेवलेले, ओळीनं, आतली माती तशीच. वर मिस्त्रीची माणसं बोलत होती. मी जिना चढून गेले. धोप्याच्या वाफ्याच्या विटा उचलून नव्या विटांत टाकल्या होत्या. सेमीचा वेल कोयत्यानं कापून कठड्याखाली ढीग केला होता, आणि नागड्या सळयांना सुखराम मिस्त्री नव्या सळया तारेनं बांधत होता. त्या दोन रिकाम्या पट्ट्यांवर, दादानं विटेच्या तुकड्यानं आखलेल्या त्याच वाटांवर, एकेक थर भिंत उभी राहिली होती. मी जिला वाट म्हणत होते ती त्यांची भिंत होती. तराईच्या दिवसांतच त्यानं आपल्या खोल्या आखून घेतल्या होत्या आणि मी शेजारी उकिडवी बसून कौतुकानं पाहत होते.

बाबा खाली खुर्चीवर बसले होते. मी समोर उभी राहिले.

"घर मोठं करा लागते, बाई," ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले. "सुनेले खोली नको का? आन तू का जलमभर इथंच राहणार हायेस?"

"छत माहं म्हणलं होतं तुम्ही."

"होतं ना. सालभर होतं का नाही?"

"आन सळया?"

ते हसले. खरंच हसले, लहान मुलाला हसावं तसे. "सळया का वेलासाठी असतात, येडे? हुशार पोरगी तू. तुले समजलं असन असंच वाटलं मले."

त्या वाक्यानं मी जेवढी मेले तेवढी वाडी पाहूनही मेले नव्हते. "मंग नागपूर?" मी विचारलं. बाबा वर्तमानपत्र शोधू लागले. उत्तर सैपाकघरातून आलं. आई चुलीपाशी बसून होती, पाठमोरी. "यायनं मावशीले तवाच नकार देल्ला," ती म्हणाली. "बस स्टँडवर. पोरीचं मन नाही म्हणून सांगतलं."

"तुले कवापासून माहीत?"

"तवापासून."

बिया दिल्या तेव्हा माहीत होतं. पानं कापली तेव्हा माहीत होतं. बाबांवर मी चिडले, दादावर थुंकावंसं वाटलं, पण आईचं मला सहनच होईना. ते दोघं मला फसवत होते तेव्हा ती माझ्यासोबत माती कालवत होती. लोक म्हणतात, बायकांचं त्या काळी घरात काय चालत होतं? नसेल चालत. पण माझ्या कानात एक शब्द सांगायला कुणाची परवानगी लागत नव्हती, मावशीला एक निरोप धाडायला लागत नव्हती. मी इतक्या वर्षांत आईला खूप समजून घेतलं, तिच्या म्हातारपणी तिचे पाय चेपले, पण हे एक समजून घेता आलं नाही, आणि आता समजून घ्यायची इच्छाही उरली नाही. त्या वर्षी जयंतीला बाबा स्टेजवर चढले आणि मी मंडपातून उठून घरी आले.

उन्हाळ्यात वरचा स्लॅब पडला. मटण शिजलं, पंगत बसली, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी गोड आवाजात हाक मारली, "बाई, तराईचं पाह्यजो." मी ओसरीवर बसून राहिले. विहीर तिथंच होती, बादली तिथंच होती. शेवटी दादाला मलाजखंडहून सुटी काढून यावं लागलं, तोवर ऊन आपलं काम करून गेलं होतं. आजही पावसाळ्यात दादाच्या खोलीचं छत गळतं. कितीदा डांबर लावलं, केमिकल लावलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मग माझं लग्न झालं, परसवाड्याला आले. मास्तर नवरा भला होता, घरामागे मोकळी जागा होती, मी पुष्कळ झाडं लावली. पण माहेरी मी आजवर धोप्याची वडी तोंडात घातलेली नाही. वहिनी विचारते, पित्त होतं का? मी हौ म्हणते.

गेल्या रविवारी आर्याचं छत पाहायला गेले. दादा आता वाळून गेला आहे, काठी घेऊन तोही आमच्यामागे वर आला. आर्या भराभर दाखवत होती, आधी पुदिना, मग मिरच्या, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, जशी आता सगळी पोरं बोलतात. बोलता बोलता म्हणाली, तिचं जबलपूरच्या कॉलेजात नाव लागलं आहे, "लेकिन आबा बोले, एक साल रुक जा. ये छत पूरा तेरा, यहीं गार्डन कर." आणि कोपऱ्यात त्या वेलापाशी मला घेऊन गेली. कारल्याचा वेल. कमरेएवढ्या सळयांवर चढलेला.

"ह्या सळया काहून सोडल्या, पोरी?" मी विचारलं.

"बेल के लिए, आजी! आबांनी सांगतलं ना."

मी दादाकडे पाहिलं. तो कठड्यावरून रेल्वे लाइनीकडे बघत होता. एवढी वर्षं मी त्याच्याशी ह्यावर एक शब्द बोलले नव्हते. मी आर्याला म्हणाले, "आज एक काम कर. कटरवाल्याले बोलव आन ह्या सळया बुडापासून काप. कापू देल्ल्या तर छत तुहं. नाही कापू देल्ल्या, तर बॅग भर."

तिला वाटलं, मी गंमत करते. हसत तिनं आवाज दिला, "आबा, सळिया काट दूँ क्या? आजी बोल रही."

"कायले कापते?" दादा वळून पटकन म्हणाला. "राहू दे. पुढं कामी येतील."

आर्या हसायची थांबली. तिनं सळयांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ ती वेलाचा शेंडा बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं तो सोडला आणि हळूच मला विचारलं,

"आजी, जबलपूर की गाड़ी कितने बजे है?"